पाकिटावर लिहिलेलं वजन पाकिटात असलंच पाहिजे

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बचत गटांच्या अन्नप्रक्रिया प्रशिक्षणात केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या ताईंना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा.)



आपण गटात बसलो की व्याजाचा हिशोब पैशापैशाने करतो. दोन टक्के घ्यायचं की दीड टक्का, यावर तासभर बोलणं चालतं. एखादीचा हप्ता दहा रुपयांनी कमी आला तरी वहीत लाल शाईने लिहितो. आता मला सांगा, महिन्याचा किराणा घरी आणल्यावर पाचशे ग्रॅमच्या पाकिटात खरंच पाचशे ग्रॅम आहे का, हे आपल्यापैकी किती जणींनी कधी तपासलंय? आणि आपल्या गटाने बाजारात नेलेल्या पाकिटात तेवढं भरतंय का, हे किती गट तपासतात?

हे दोन्ही प्रश्न आपलेच आहेत. आपण सकाळी गिऱ्हाईक असतो आणि दुपारी येसर, हळद, शेवया, कुरडया भरून विकणाऱ्या असतो. कायदा दोन्ही वेळी आपल्याला लागू आहे. एका वेळी तो आपल्या बाजूने उभा राहतो, दुसऱ्या वेळी आपल्याला जाब विचारतो. म्हणून तो नीट समजून घेऊ.

आधी थोडं जुनं बघू. आपल्या आज्या-पणज्या शेर, अडशेरी, पायली, मण अशा मापांनी व्यवहार करायच्या. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नव्हतं. घेताना मोठं माप आणि देताना लहान माप, हा सावकाराचा आणि अडत्याचा खेळ कितीतरी घरांनी भोगला आहे. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात किलो-ग्रॅमची वजनं लागू व्हायला सुरुवात झाली. सगळीकडे एकच माप आलं. पुढे माल पाकिटात भरून येऊ लागला, तेव्हा १९७७ साली पाकीटबंद वस्तूंसाठी वेगळे नियम झाले. आज जो कायदा चालतो तो म्हणजे वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९. तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे, आणि त्याखाली २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम आहेत. आवेष्टित म्हणजे पाकिटात बांधलेली. नाव अवघड आहे, पण आपल्याकडे सगळे त्या खात्याला 'वजनमापे खातं' म्हणतात. तसंच म्हणू.

पाकिटासाठी वेगळे नियम का लागले? सुटी डाळ घेताना आपण काट्यासमोर उभ्या असतो. काटा डावीकडे झुकला की उजवीकडे, आकडा शून्यावर होता की नाही, हे डोळ्याने दिसतं. पाकीट मात्र कुठेतरी लांब, आपल्या मागे भरलेलं असतं. आपल्या हातात फक्त वरचं लिखाण असतं. म्हणून ते लिखाण खरंच असलं पाहिजे, ही जबाबदारी कायद्याने भरणाऱ्यावर टाकली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पाकीट म्हणजे फक्त कंपनीचं चकचकीत पाकीट नाही. गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजन भरून ठेवलेली कोणतीही पिशवी, तिला सील असो वा नसो, कायद्याच्या भाषेत पाकीटबंद वस्तूच आहे. गावच्या दुकानात साखर, शेंगदाणे, तूरडाळ एकेक किलोच्या पन्नीत गाठ मारून टांगून ठेवतात. त्यावर ना नाव, ना वजन, ना किंमत. दुकानदार म्हणतो, "किलोच आहे ताई, सकाळीच भरलंय." अशा वेळी सरळ म्हणायचं, "भाऊ, एकदा काट्यावर ठेवा." यात भांडण काही नाही. तो आपला हक्क आहे.

किती कमी चालतं?

कायदा व्यवहाराला धरून आहे. हाताने भरा की मशीनने भरा, प्रत्येक पाकीट ग्रॅमाला ग्रॅम सारखं निघत नाही. म्हणून एका पाकिटामागे किती फरक चालेल, याचा तक्ता नियमातच दिला आहे. आपल्या कामाचे आकडे लिहून घ्या:

५० ग्रॅमपर्यंत: ९ टक्के
१०० ग्रॅम: साडेचार ग्रॅम
२०० ग्रॅम: ९ ग्रॅम
५०० ग्रॅम: १५ ग्रॅम
१ किलो: १५ ग्रॅम
५ किलो: ७५ ग्रॅम

आता कोणी म्हणेल, "मग तर बरंच झालं, आपण पाचशेच्या पाकिटात ४९० च भरू. पंधराच्या आतच आहे की!" नाही ताई. इथेच बरेच जण अडकतात. तपासणी करताना निरीक्षक एकच पाकीट घेत नाहीत. त्याच खेपेतली बरीच पाकिटं घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. सरासरी लिहिलेल्या वजनापेक्षा कमी भरली तर ती खेप नापास होते. म्हणजे एखादं पाकीट ४९५ आणि एखादं ५०६ असेल तर चालेल. सगळीच ४९० असतील तर ती चूक म्हणून सुटत नाही. ठरवून कापलेलं वजन असं सापडतं.

हिशोब करून बघा. समजा, मिरची पूड ४०० रुपये किलो आहे आणि कोणी अर्ध्या किलोच्या पाकिटात २० ग्रॅम कमी भरलं. एका घराचं नुकसान आठ रुपयांचं. आठ रुपयांसाठी कोण तक्रार करणार? पण हजार पाकिटं विकली तर २० किलो मिरची पूड गेली, म्हणजे आठ हजार रुपये. एवढा पैसा हजार घरांतून गेला आणि एकाही घराला कळलं नाही. वजनातली चोरी अशीच चालते. प्रत्येकीचं इतकं थोडं जातं, की कोणीच बोलत नाही.

कमी वजन वेगळं, लहान पाकीट वेगळं

हा फरक समजला नाही तर आपली तक्रार टिकणार नाही. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पूर्वीपेक्षा हलका लागतो, हे आपण सगळ्या बघतो. किंमत तीच ठेवायची आणि वजन कमी करायचं, हे कंपन्या करतात. कमी केलेलं वजन पुड्यावर खरं लिहिलेलं असेल, तर तो वजनाचा गुन्हा होत नाही. युरियाची गोणी आठवा. पूर्वी ५० किलोची यायची, २०१८ पासून ४५ किलोची येते. गोणीवर ४५ लिहिलंय आणि आत ४५ आहे, तर ती बरोबर.

पूर्वी काही वस्तू ठरावीक वजनातच विकायचं बंधन होतं. ते २०२२ मध्ये गेलं. म्हणून आता ८५ ग्रॅम, १३० ग्रॅम, ९०० ग्रॅम अशी पाकिटं दिसतात. याला तोड म्हणून एकक किंमत लिहायचा नियम आला. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर एका ग्रॅमला किती रुपये, आणि किलोपेक्षा जास्त असेल तर एका किलोला किती रुपये, हे छापावं लागतं. दोन पाकिटं हातात घेऊन कोणतं स्वस्त हे बघायचं असेल, तर मोठ्या अक्षरातल्या किमतीपेक्षा हा बारीक आकडा बघा. डोळ्याला दिसत नसेल तर शाळेतल्या पोरीला वाचायला लावा.

लढलेल्या गिऱ्हाइकांच्या दोन गोष्टी

"मोठ्या कंपनीपुढे आपलं काय चालणार?" असं मनात येतं. म्हणून दक्षिणेतली दोन प्रकरणं सांगते.

केरळात त्रिशूरला एका गृहस्थांनी २०१९ च्या डिसेंबरमध्ये बेकरीतून ब्रिटानियाचे ॲरोरूट बिस्किटांचे दोन पुडे घेतले. एकेक पुडा ४० रुपयांचा, वर लिहिलेलं वजन ३०० ग्रॅम. शंका आली म्हणून वजन केलं तर एक २६८ ग्रॅम आणि दुसरा २४८ ग्रॅम भरला. तक्त्याप्रमाणे ३०० ग्रॅमला ९ ग्रॅमचा फरक चालतो. इथे ३२ आणि ५२ ग्रॅमची तूट होती. त्यांनी नुसती कुरकुर केली नाही. वजनमापे खात्याकडे जाऊन तूट पडताळून घेतली आणि ग्राहक आयोगात गेले. २०२४ मध्ये निकाल लागला. पन्नास हजार रुपये भरपाई आणि दहा हजार रुपये खर्च द्या, असा आदेश झाला. शिवाय राज्यभर अशा पाकिटांची तपासणी करा, असं आयोगाने खात्याला सांगितलं.

दुसरं प्रकरण तमिळनाडूत तिरुवल्लूरचं. आयटीसीच्या सनफीस्ट मारी लाइटच्या पुड्यावर १६ बिस्किटं लिहिली होती, निघाली १५. कंपनी म्हणाली, आम्ही वजनावर विकतो, नगावर नाही. पुड्यावर वजन ७६ ग्रॅम होतं. आयोगासमोर तपासलं तर ७४ ग्रॅम भरलं. कंपनी म्हणाली, साडेचार ग्रॅमपर्यंत फरक नियमात चालतो. आयोगाने ते मानलं नाही. ठेवल्या ठेवल्या ज्यांचं वजन उडून जातं अशा वस्तूंसाठी ती सूट आहे, बिस्किटासाठी नाही, असं म्हटलं. २०२३ मध्ये एक लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. एका बिस्किटाची किंमत होती पाऊण रुपया.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक पुरावा हातात घेऊन गेलं. दुसरी गोष्ट गटांसाठी आहे. आपण पाकिटावर "२५ पापड" असं लिहिलं, तर वजन बरोबर असून भागणार नाही, आत पंचवीस पापडही निघाले पाहिजेत.

तक्रार कशी करायची?

शंका आली की पाकीट फोडू नका. फोडलं की पुरावा गेला. बंद पाकीट शिक्का असलेल्या काट्यावर ठेवा. स्वयंपाकघरातला दोनशे-तीनशे रुपयांचा काटा अंदाजाला ठीक आहे, पण तो पुरावा होत नाही. पाकिटावर लिहिलेलं वजन हे निव्वळ वजन असतं, म्हणजे पन्नी आणि खोका सोडून आतल्या मालाचं. त्यामुळे एक किलोचं पाकीट पन्नीसकट ९८० ग्रॅम भरलं, तर पन्नीचं वजन वजा करण्याआधीच ते वीस ग्रॅमने कमी आहे. तिथे वादच उरत नाही.

त्याच दुकानात त्याच खेपेची आणखी दोन-तीन पाकिटं असतील तर तीही वजन करून बघा. बिल मागून घ्या. पाकिटाचा आणि काट्याच्या आकड्याचा फोटो काढा. मग जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे नांदेडला किंवा लातूरला, वैध मापन शास्त्राच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिथल्या निरीक्षकांना दुकानात, गोदामात जाऊन तपासायचा आणि माल जप्त करायचा अधिकार आहे. जाणं जमत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा.

खात्याने दंड केला तर तो सरकारात जमा होतो. आपल्याला भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागतं. त्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. घेतलेल्या वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. एकसारखं नुकसान झालेल्या अनेक जणींना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. हे तर आपल्यासाठीच केल्यासारखं आहे. एकटी बाई आठ रुपयांसाठी लातूरला जाणार नाही, पण ग्रामसंघातल्या चाळीस जणींची तक्रार एकीने घेऊन जाता येते.

आणि एक, माल खराब असेल, भेसळ असेल तर ते काम अन्न व औषध प्रशासनाचं. वजन कमी असेल तर वजनमापे खात्याचं. तक्रार चुकीच्या दारात गेली की आपला दिवस वाया जातो.

आता आपल्या पाकिटाकडे वळू

आपल्या भागाला चांगले दिवस येत आहेत. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या वसमतच्या हळदीलाही मिळालं. आता पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक नाव वाचून माल मागेल. ते गिऱ्हाईक आपल्याला ओळखत नाही, आपलं गाव त्याने पाहिलेलं नाही. त्याच्यापुढे आपल्या वतीने बोलणारं एकच असतं, ते म्हणजे पाकीट. पाकीट खोटं बोललं की ते गिऱ्हाईक परत येत नाही, आणि शेजारच्या गटाचा मालही घेत नाही.

कोणताही गट मुद्दाम कमी भरत असेल असं मी म्हणत नाही. पण कमी भरण्याची कारणं साधी असतात. काट्यावर पन्नी ठेवून आकडा शून्य केलाच नाही, तर पन्नीचं वजन मालात मोजलं जातं. शेवया, पापड पुरते वाळायच्या आधीच भरले, तर उन्हाळ्यात ओल उडते आणि भरताना दोनशे असलेलं पाकीट महिन्याने कमी भरतं. पन्नी पातळ असली, सील नीट बसलं नाही, तरी तेच. आणि २५० ग्रॅम छापलेल्या पन्न्या उरल्यात म्हणून त्यात २०० ग्रॅम भरून वर चिठ्ठी चिकटवणं, हे तर नियमाने चालतच नाही. चिठ्ठी लावून वजन बदलता येत नाही. किंमत कमी करायची असेल तर मात्र नवी चिठ्ठी लावता येते, तीही जुनी किंमत न झाकता.

म्हणून पाच कामं नेमाने करा.

एक, काटा शिक्क्याचाच घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते, लोखंडी वजनांची दर दोन वर्षांनी. प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं लावा.

दोन, भरण्याआधी रिकामी पन्नी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा.

तीन, २०० ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम जास्तच भरा. तेवढा खर्च किमतीत धरा.

चार, दर दहाव्या पाकिटाचं वजन करून वहीत तारखेसह लिहा. उद्या कोणी विचारलं तर ही वही आपली साक्ष देईल.

पाच, पाकीट भरणाऱ्या गटाने आपलं नाव-पत्ता वजनमापे खात्याकडे नोंदवायचा असतो. काम सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत, शुल्क ५०० रुपये. लातूरच्या बाजारातून डाळ आणून आपल्या नावाच्या पन्नीत भरली, तरी कायद्याने भरणाऱ्या आपणच. "गिरणीतूनच कमी आलं" हे उत्तर तिथे चालत नाही.

पाकिटावर काय लिहायचं, त्याचा नमुना असा:

वस्तू: येसर मसाला
निव्वळ वजन: २०० ग्रॅम
कमाल किरकोळ किंमत: ८० रुपये (सर्व करांसह)
एकक किंमत: ०.४० रुपये प्रति ग्रॅम
उत्पादनाचा महिना व वर्ष
तयार करणाऱ्या गटाचं नाव व पूर्ण पत्ता
तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन, ई-मेल

अन्न सुरक्षेच्या नियमांप्रमाणे लागणारी माहिती याशिवाय वेगळी. वजनापुढे "अंदाजे", "सरासरी", "सुमारे" असे शब्द चालत नाहीत. भाषेचाही नियम आहे. ही माहिती देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असावी लागते, मराठी तिच्या जोडीला लिहिता येते. आपली पाकिटं फक्त मराठीत असतील तर पुढच्या छपाईत तेवढं सुधारून घ्या.

हे सगळं नाही केलं तर? २००९ च्या कायद्यात कलम ३६ आहे. पाकिटावरची माहिती नियमाप्रमाणे नसेल तर पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड त्यात लिहिला आहे. निव्वळ वजनात चूक असेल तर दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर एक लाखापर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. शुल्क भरून प्रकरण मिटवता येतं, पण तीन वर्षांच्या आत पुन्हा तसंच सापडलं तर ती सवलत नाही. कायद्याच्या व्याख्येत कंपनीमध्ये व्यक्तींचा समूहही येतो, म्हणजे "आम्ही तर बचत गट" म्हणून सुटका नाही. गटाचा फिरता निधी एका दंडात जाऊ शकतो.

हे मी घाबरवायला सांगत नाही. जो कायदा त्रिशूरच्या गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहिला, तोच आपल्या पाकिटालाही लागू आहे. मोठ्या कंपनीकडे आपण जे मागतो, ते आपणही द्यायचं. ते दिलं तर तक्रार करायला गेल्यावर आपली मान ताठ राहील.

पुढच्या बैठकीसाठी तीन कामं देते. प्रत्येकीने घरातलं एकेक बंद पाकीट आणायचं आणि शिक्क्याच्या काट्यावर सगळ्यांसमोर वजन करून वहीत लिहायचं. ज्या गटाचा माल बाजारात जातो, त्यांनी आपली दहा पाकिटं तशीच मोजायची आणि सरासरी काढायची. आणि २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. त्या दिवशी ग्रामसंघाने गावातल्या दुकानदारांनाही बोलवावं. त्यांना दरडावू नका. चहा द्या, तक्ता दाखवा, आणि आपल्या काट्यावर आपलंच पाकीट आधी ठेवा.

आकडा जो येईल तो मोठ्याने वाचा, आणि वहीत लिहून ठेवा.